जुन्या पिकअपच्या केबिनमधला आवाज कमी कसा करायचा?

घाटमाथा (धागाकर्ता)

बोलेरो पिकअप, टाटा २०७ या जातीच्या दहा-पंधरा वर्षं चाललेल्या गाड्यांबद्दल हा धागा आहे. सिंगल केबिन, खाली लॅडर चॅसिस (शिडीसारखा लोखंडी सांगाडा), मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), इंजिन पुढे बोनेटखाली. नाशिकहून भाजी भरून कसारा घाट उतरून वाशीला जायचं आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचं, अशा कामात माणूस रोज सात-आठ तास केबिनमध्ये असतो. साठच्या पुढे शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं.

ॲक्सेसरीच्या दुकानात विचारलं की उत्तर एकच मिळतं: 'डॅम्पिंग शीट मारून घ्या'. प्रश्न असा की शीट नक्की कुठे, किती आणि कुठल्या क्रमाने लावायची? शीटच्या आधी काय बघायला हवं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

रबरमास्तर

शीट शेवटी. आधी आवाज कुठून येतो ते शोधा, नाहीतर पैसे पत्र्याला चिकटून बसतील आणि आवाज तिथेच राहील.

चाचणी साधी आहे. सपाट, मोकळा रस्ता बघा, मागे कोणी नको. ६० च्या वेगात गाडी न्यूट्रल करा. इंजिन बंद करायचं नाही, ब्रेकचा व्हॅक्यूम जातो. घाटात तर ही चाचणी अजिबात नको.

न्यूट्रल केल्यावर आवाज एकदम पडला, तर इंजिन, सायलेन्सर, इंजिनची फाउंडेशन रबरं आणि गिअर लिव्हरचं भोक या बाजूला शोधा. आवाज तसाच राहिला, तर टायर, चाकाचं बेअरिंग, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा फिरता दांडा), डिफरन्शियल (मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा) किंवा वारा. मग गाडी उभी करून त्याच आरपीएमवर रेस द्या. उभ्या गाडीतही तीच घरघर आली तर चाकांचा संबंध संपला.

चाकोरी

+१. यात रस्त्याचा फरकही जोडा. डांबरीवरून काँक्रीटवर चढताक्षणी सूर बदलला तर तो टायरचा आवाज. काँक्रीट रस्त्यावर पाणी निघून जावं, पकड राहावी म्हणून आडव्या बारीक खाचा मारलेल्या असतात. त्यांच्यावरून टायर गेला की ठरावीक वेगाला ठरावीक सूर निघतो. समृद्धीवर किंवा मुंबई-गोवा महामार्गाच्या काँक्रीट पट्ट्यात जी 'ऊंऽऽ' ऐकू येते ती बरीचशी हीच. डांबरी पट्टा आला की ती गायब होते, म्हणून गाडीत बिघाड समजून गॅरेज गाठू नका.

बेअरिंगची घोंघों रस्ता बदलला तरी बदलत नाही. ती वेगाबरोबर वाढते आणि वळणावर बदलते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो. त्या वेळी आवाज वाढला तर उजवं बेअरिंग बघा. नंतर चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा आणि दुसरा हात जवळच्या पाट्यावर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर बोटांना कळते.

पाटेवाला

टायरवर थोडं जास्त लिहितो, कारण जुन्या पिकअपमध्ये अर्धी तक्रार तिथेच असते.

पुढे रिब (लांबीने सरळ रेघांचा टायर), मागे लग (आडव्या ठोकळ्यांचा) ही जोडी मालवाहतुकीत नेहमीची. लगचे मोठे ठोकळे रस्त्यावर एकेक आपटतात आणि मधल्या खाचांतली हवा दाबली जाऊन सुटते. गाडी फक्त डांबरी-काँक्रीटवर चालत असेल, शेतात, चिखलात जात नसेल, तर मागेही रिब टाका. कुठल्याही शीटपेक्षा जास्त फरक पडेल. चिखलात जाणाऱ्याने मात्र लग सोडू नये, रिब तिथे जागेवर फिरत बसतो.

जुन्या टायरवर तळहात फिरवा, आधी पुढे मग मागे. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर ठोकळे तिरके झिजलेत. शॉकअब खलास असेल किंवा अलाइनमेंट बिघडलेलं असेल तर असं होतं. ते दुरुस्त न करता नवे टायर टाकले तर तेही पुन्हा तसेच झिजून गुणगुणायला लागतात.

आणि हवा. भरलेल्या गाडीचा दाब ठेवून रिकामी गाडी पळवली की टायर दगडासारखा होतो, मागचे पाटे हलत नाहीत आणि सगळे धक्के केबिनमध्ये येतात. कंपनीने भरलेल्या आणि रिकाम्या गाडीसाठी वेगळे आकडे दिलेले असतात, ते पाळा. फेरी लांब असेल आणि परत रिकामं यायचं असेल तर हवा कमी करणं परवडतं. पण माल भरण्याआधी ती पुन्हा चढवायची, यात चालढकल नको. कमी हवेचा टायर भाराखाली तापतो आणि उन्हाळ्यात काँक्रीटवर फुटतो.

स्वरगंगा

बेअरिंगच्या यादीत प्रोपेलर शाफ्ट राहिला. क्लच सोडताना 'टक्' वाजलं तर क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा फिरता सांधा, ढिला. एका ठरावीक वेगाला सीटखाली थरथर येते आणि वेग वाढवला की जाते, तेव्हा सेंटर बेअरिंगचं रबर बघा. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर ते रबर फाटल्यावर शाफ्ट मधोमध नाचतो.

एक चूक बऱ्याच ठिकाणी होते. क्रॉस बदलताना स्प्लाइनची स्लीव्ह (शाफ्टवरची खाचांची सरकती नळी) काढतात आणि परत बसवताना खुणा जुळवत नाहीत. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत आले नाहीत तर शाफ्ट दर फेऱ्यात जलद-मंद होत फिरतो आणि नवे क्रॉस घालूनही थरथर राहते. काढण्याआधी पंचने दोन्ही भागांवर खूण करून घ्यावी.

डिफरन्शियलची शिट्टी ॲक्सिलरेटर दिल्यावर एक आणि सोडल्यावर दुसरी ऐकू येते. आधी तेल बघा. सपाट जागेवर बाजूचा बूच काढून बोट घाला, तेल भोकाच्या काठापर्यंत हवं. तेल बरोबर असूनही शिट्टी असेल तर क्राउन पिनियनची (आतल्या गिअरच्या जोडीची) झीज किंवा सेटिंग. ती शीटने झाकू नये.

नवशिक्या

एवढं सगळं ठीक असेल आणि तरी आवाज असेल तर? मग तरी शीट?

रबरमास्तर

@नवशिक्या, अजून नाही. आता रबरं.

इंजिनची फाउंडेशन रबरं तेल पिऊन मऊ होतात किंवा वाळून कडक होतात. दोन्ही वाईट. बसलेल्या रबरात वरची पट्टी खालच्या पट्टीला लागते आणि इंजिनची थरथर सरळ चॅसिसमध्ये जाते. मग सायलेन्सरचे हँगर आणि फ्लँजचं (पाइपच्या सांध्याचं) गॅस्केट. गॅस्केट गळत असेल तर थंड इंजिनवर 'फट्‌फट्' ऐकू येते आणि सांध्याभोवती काजळी दिसते. हे आवाजापुरतं नाही, तो धूर फरशीच्या भोकांतून केबिनमध्ये शिरतो.

सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे केबिन माउंटिंग. केबिन आणि चॅसिसच्या मधली ही रबरं दहा वर्षांत लाकडासारखी होतात. बदलायची पद्धत: सगळे बोल्ट आधी ढिले करा, पूर्ण काढू नका. एका बाजूचे काढा, केबिनच्या खालच्या कडेला लाकडी फळी लावून जॅकने रबर निघेल इतकंच उचला, बदला, खाली बसवा, मग दुसरी बाजू. उचलताना स्टिअरिंग शाफ्टचा सांधा, गिअर लिव्हर, ब्रेकचे पाइप, वायरिंग आणि रेडिएटरच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना हे दुसऱ्या माणसाने बघत राहायचं. उचललेल्या केबिनखाली हात घालायचा नाही, लाकडी ठोकळे लावल्याशिवाय तर नाहीच.

रबराच्या आत लोखंडी नळी असते, ती गंजून गेली असेल तर नवीन टाका. तिच्याशिवाय बोल्ट आवळला की रबर चेपून सपाट होतं आणि नव्या रबराचा काही उपयोग राहत नाही.

डिझेलभक्त

केबिन रबर जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून करतात, तो उपाय कसा?

रबरमास्तर

तात्पुरता. ट्यूबचं रबर पातळ, चार थर घातले तरी महिन्याभरात चेपतं आणि बोल्ट ढिले पडतात. केबिन तिरकी झाली की दारं घासायला लागतात. ट्यूबचा खरा उपयोग हौद्यात आहे.

पाटेवाला

बरोबर. रिकाम्या गाडीचा निम्मा गोंगाट हौद्याचा असतो. फाळक्याच्या साखळ्यांवर सायकलची ट्यूब चढवा, कडी-खिट्टी जिथे आपटते तिथे ट्यूबची पट्टी रिव्हेटने मारा. हौद्याच्या यू-बोल्टचे नट आवळा. हौदा आणि चॅसिसच्या मधली लाकडी पट्टी कुजली असेल तर बदला. स्टेपनीचा पाळणा, जॅक, टॉमी, ताडपत्रीचे सैल दोर, सगळं बांधा. खर्च शंभर-दोनशे रुपये.

कातळशिल्प

आता भोकांचा मुद्दा, ज्याच्याकडे कोणी वळत नाही. आवाज हवेतून येतो, म्हणजे जिथून हवा येते तिथून तोही येतो. हिशेब असा: एखादी भिंत कितीही भक्कम असली तरी तिच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का उघडं असेल तर ती एकूण २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. १ चौरस मीटरच्या पत्र्यात १० सेंमी × १० सेंमीचं भोक म्हणजे १ टक्का. जुन्या पिकअपच्या गिअर लिव्हरखालचं फाटलं रबर साधारण एवढंच भोक सोडतं.

रात्री एकाने केबिनखाली आणि बोनेटमध्ये जोरदार टॉर्च धरायचा, दुसऱ्याने मॅट काढून आत अंधारात बसायचं. जिथे उजेड दिसेल तिथे खडूने गोल करा. नेहमीच्या जागा: गिअर लिव्हर (आतलं आणि बाहेरचं अशी दोन बूट असतात, आतलं फाटलेलं वरून दिसत नाही), हँडब्रेकची केबल, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलची भोकं, स्टिअरिंग कॉलमचा बूट, वायरिंगचं ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायचं रबरी कडं), एसीचे पाइप, फरशीतले हरवलेले रबरी बूच, आणि नंतर कोणीतरी हॉर्न-म्युझिकसाठी ड्रिल मारून सोडून दिलेली भोकं.

वायरच्या भोकाला ग्रोमेटच हवं. नुसतं सिलिकॉन भरलं तर थरथरीने पत्र्याची कड वायर कापते. ग्रोमेट बसवून मग उरलेल्या फटीत ब्यूटाइलची (चिकट, मऊ रबराची) दोरी दाबा.

नवशिक्या

दाराची फट कशी तपासायची?

कातळशिल्प

कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी अडली पाहिजे. सुळकन निघाली तिथे रबर मेलंय. आधी लॉकचा खुंटा एक-दीड मिलिमीटर आत सरकवून बघा, पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. नवीन रबर लावायचं तर डी आकाराचं ईपीडीएम रबर घ्या. ८ मिलिमीटर फटीला १२ मिलिमीटर उंचीचं रबर पुरे, म्हणजे ते तिसरा हिस्सा दबतं. त्याहून जाड लावलं की दार आपटल्याशिवाय लागत नाही आणि वर्षभरात बिजागरी लटकतात.

वाऱ्याची शिट्टी ७०-८० च्या पुढे सुरू होते. बाहेरून कागदी चिकटपट्टीने काचेची कड, आरशाचा पाया, क्लीनर बाजूच्या दाराची फट बंद करून फेरी मारा, मग एकेक पट्टी काढत जा. ज्या पट्टीनंतर शिट्टी परतेल ती जागा सापडली.

आवाजशास्त्री

आता शीटकडे येऊ. तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि दुकानात तिन्हींना 'डॅम्पिंग'च म्हणतात. घोळ तिथे होतो.

पहिली, ब्यूटाइल शीट, वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा, साधारण २ मिलिमीटर. ती पत्र्याची थरथर मारते. पत्रा वाकतो तेव्हा पापुद्रा आणि पत्रा यांच्यात ब्यूटाइल ताणलं जातं आणि त्या ताणात थरथरीची शक्ती उष्णता होऊन संपते. हवेतून येणारा आवाज ती फारशी अडवत नाही.

दुसरी, बंद पेशींचा फोम, ५-६ मिलिमीटर. तो उष्णता अडवतो आणि वरचा जड थर पत्र्यापासून सुटा ठेवतो. एकट्याने लावला तर रस्त्याच्या घोंघावावर जवळजवळ शून्य परिणाम.

तिसरी, जड व्हिनाइल, म्हणजे एमएलव्ही, चौरस मीटरला सुमारे ५ किलो. आवाज अडवायचं काम हिचं. अडवणं वजनावर अवलंबून असतं, वजन दुप्पट केलं की हिशेबाने ६ डेसिबल वाढतात, प्रत्यक्षात थोडे कमी.

क्रम: पत्रा, ब्यूटाइल, फोम, एमएलव्ही, वर मॅट.

डिझेलभक्त

म्हणजे आधी सगळ्या पत्र्याला शंभर टक्के ब्यूटाइल, बरोबर? दुकानदार तर दोन थर सांगतात.

आवाजशास्त्री

नाही. सपाट पत्र्याच्या मध्यभागी २५ ते ३० टक्के भाग झाकला की थरथर बहुतेक मरते, कारण पत्रा मध्येच जास्त नाचतो. कडा आणि उठवलेल्या पट्ट्या आधीच ताठ असतात. बोटाच्या पेराने ठोकून बघा, 'ठण्ण' वाजतं तिथे तुकडा लावा, 'ठक्' झालं की थांबा. फरशीवर आणि गिअरबॉक्सच्या बोगद्यावर ५०-६० टक्के करा, तिथे थरथर जास्त असते. दुसऱ्या थराचे पैसे एमएलव्हीत घाला.

सिंगल केबिनचा अंदाज: फरशी आणि बोगदा २ चौरस मीटर, फायरवॉलची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याची) आतली बाजू १, मागची भिंत १, दोन्ही दारांचे बाहेरचे पत्रे मिळून दीड, छत दीड. ब्यूटाइल साधारण सव्वादोन ते पावणेतीन चौरस मीटर लागेल. एमएलव्ही फरशी, फायरवॉल आणि मागच्या भिंतीला, ४ चौरस मीटर, म्हणजे २० किलो. सगळं मिळून वजन ३५ किलोच्या आत राहतं. मापं गाडीवर घेऊन मगच माल आणा.

डिझेलभक्त

मी उलटं समजत होतो, धन्यवाद. पण मग डांबरी शीट? छपराला मारतात ती, चौथ्या हिश्श्यात मिळते.

ऊनवारा

विदर्भातून सांगते, डांबरी शीट केबिनमध्ये लावू नका. मे महिन्यात बाहेर ४५ असताना उन्हात उभ्या गाडीच्या छताला हात लावता येत नाही. ती शीट मऊ होऊन छतावरून आणि दारातून सुटते, काचेच्या यंत्रणेत पडते, आणि वास महिनोन्‌महिने जात नाही. डोक्यावर लावायची वस्तू तर ब्यूटाइलच हवी, तीही चांगल्या चिकटीची.

छताला मधोमध तीन-चार तुकडे आणि त्यावर १० मिलिमीटर फोम. आवाजाबरोबर ऊनही कमी होतं, पावसाचा ताशाही.

कोकणगंज

आता पावसाळी बाजू. फरशीवर जूट किंवा नमदा अंथरतात, तो कोकणात घात करतो. ओल्या पायांचं पाणी त्यात मुरतं, वरून मॅट, खालून पत्रा, चार महिने ओल. दुसऱ्या पावसाळ्यात फरशी पापडासारखी. फोम बंद पेशींचाच हवा. पाण्यात तासभर बुडवून काढा, जड झाला तर तो उघड्या पेशींचा आहे, परत करा.

शीट लावण्याआधी: मॅट काढा, जुनी सैल पट्टी खरवडा, गंज वायर ब्रशने पत्रा दिसेपर्यंत काढा, झिंक फॉस्फेट प्रायमर मारा, एक दिवस वाळू द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रॉकेल नको, त्याचा तेलकट थर राहतो. ब्यूटाइल हाताने दाबून चालत नाही, छोट्या रोलरने पापुद्र्यावरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबा. खाली हवा राहिली तर तिथे पाणी साचतं. हातमोजे घाला, पापुद्र्याची कड ब्लेडसारखी कापते. गंजाचं भोक असेल तर वेल्डिंग आधी. फोम-शीट लावल्यानंतर त्या पत्र्यावर वेल्डिंग म्हणजे आग.

दारात खाली पाणी निचऱ्याची भोकं असतात. ती बुजवायची नाहीत. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद बहुतेक गाड्यांत फाटलेला असतो, तिथे ४ मिलिमीटर फोमची सलग शीट ब्यूटाइल दोरीने चिकटवा. पाणी आतल्या बाजूला येत नाही आणि दाराचा पोकळ आवाज जातो.

स्वरगंगा

एमएलव्ही कापण्याआधी पुठ्ठ्याचा साचा करा. सलग एक तुकडा बसला तर उत्तम, नाहीतर जोडावर २५ मिलिमीटर एकावर एक आणि वर टेप. खिळे-स्क्रू मारून भोकं पाडू नका, कातळशिल्प यांचा १ टक्क्याचा हिशेब इथेही लागू. पेडलखाली जाडी वाढते, क्लच आणि ब्रेक पूर्ण तळापर्यंत दाबून अडत नाही ना ते बघितल्याशिवाय गाडी हलवू नका.

बोनेटमध्ये, एक्झॉस्टजवळ कुठलीही साधी फोम-शीट लावू नये. आतल्या मालासाठीसुद्धा आग न धरणारा, आयएस १५०६१ प्रमाणे तपासलेला माल मागा.

चाकोरी

मोबाइलवर डेसिबल मोजणाऱ्यांसाठी: आकडा खरा मानू नका, आधी-नंतरची तुलना करा. तोच फोन, तीच जागा, तोच रस्ता, तोच वेग, काचा बंद, पंखा बंद. ॲपमध्ये ए आणि सी असे पर्याय असतात. ए पर्यायात खालचा घुमारा कमी मोजला जातो, म्हणून दोन्ही लिहून ठेवा. आणि ३ डेसिबल कमी झाले म्हणून नाराज होऊ नका. दोन सारख्या आवाजांपैकी एक पूर्ण बंद केला तरी आकडा तेवढाच उतरतो. कानाला निम्मं वाटायला १० लागतात.

ऊनवारा

अवांतर नाही, महत्त्वाचं आहे म्हणून: अमेरिकेच्या नायोश संस्थेची मर्यादा ८ तासांना ८५ डेसिबल आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चारच तास. रोज आठ तास गाडीत बसणाऱ्याचे ३ डेसिबल कमी करणं हे कानांसाठी मोठं काम आहे.

घाटमाथा

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. मूळ प्रश्नावर परत येतो. हातात एक रविवार आणि तीन-साडेतीन हजार रुपये असतील तर कुठून सुरुवात?

रबरमास्तर

सकाळी न्यूट्रल चाचणी, टायरवर हात, हवा, हौद्याच्या साखळ्या. दुपारी गिअर लिव्हरची दोन्ही बूट आणि फायरवॉलची ग्रोमेटं. संध्याकाळी कागदाची पट्टी घेऊन दारं. पैसे उरले तर एक चौरस मीटर ब्यूटाइल, अर्धी मागच्या भिंतीला, अर्धी छताला. फरशी पुढच्या महिन्यात, एमएलव्हीसकट एकदमच उघडा. केबिन माउंटिंगसाठी वेगळा दिवस आणि दोन माणसं ठेवा.

घाटमाथा

मागच्या भिंतीवर सीटमागे एक जाळीदार झडप दिसते, ती झाकायची का?

कातळशिल्प

नाही. केबिनमधली हवा तिथून बाहेर जाते. ती बंद केली तर काचा चढवल्यावर दार जड लागतं आणि पावसात काचेवर बाष्प धरतं. तिच्या रबरी पाकळ्या नीट मिटतात का तेवढं बघा, कडेने फट असेल तर तिथे ब्यूटाइल दोरी.